चढ्या भावाचा खेळाडू

२०२३ च्या जुलै महिन्यात नारायणगावच्या टोमॅटो बाजारात जे घडले, ते जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तालुक्यांतील व्यापारी अद्याप विसरलेले नाहीत. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात भाव इतके पडले होते की, तोडणीची मजुरी निघेना म्हणून अनेकांनी उभे पीक सोडून दिले. लागवड घटली, रोगराई आणि पावसाने उरलेसुरले झोडपले, आणि जुलैत वीस किलोच्या क्रेटला दोन हजार रुपयांच्याही वर भाव मिळू लागला. जुन्नर तालुक्यातील एका शेतकरी कुटुंबाने महिनाभरात तेरा हजार क्रेट विकून दीड कोटींच्या वर रक्कम मिळवल्याची बातमी देशभर झळकली. ती वाचून ज्यांनी घाईघाईने रोपे लावली, त्यांचा माल बाजारात यायला दोन-सव्वादोन महिने लागणारच होते. तोवर सप्टेंबर उजाडला, भाव कोसळले, आणि राज्यात ठिकठिकाणी टोमॅटो रस्त्यावर ओतले गेले. ज्याच्याकडे भाव चढण्यापूर्वी माल होता त्याला पैसा मिळाला. भाव चढल्याचे ऐकून जो धावला त्याच्या पदरी चिखल आला.

हा न्याय भाजीबाजारापुरता नाही. गेल्या काही वर्षांत आपल्या घरांतील तरुण मुले मोबाइलवर काल्पनिक संघ निवडण्याचा जो खेळ खेळत आली, त्यातही नेमके हेच घडत होते. फरक इतकाच की तेथे टोमॅटोच्या जागी माणसे होती.

मंचरच्या बाजारपेठेत धान्य-किराण्याचे एक जुने दुकान आहे. तिसरी पिढी आता गल्ल्यावर बसते. वाणिज्य शाखेची पदवी घेतलेला चोवीस वर्षांचा थोरला नातू दोन वर्षांपासून दुकानाची देणी-घेणी पाहतो. वडिलांनी बँकेच्या खात्यावर त्याची सही चढवली, तेव्हा घरात पेढे वाटले गेले होते. आजोबांचे वय अठ्ठ्याहत्तर. ते सकाळी देरासरात जाऊन येतात आणि मग तासभर दुकानात बसतात, हिशेब पाहायला नव्हे, आल्यागेल्याची विचारपूस करायला.

२०२५ च्या मे महिन्यातील पहिल्या आठवड्यात पुण्याच्या मार्केट यार्डातील एका तूरडाळीच्या व्यापाऱ्याचा आजोबांना फोन आला. त्यांना दिलेला पंच्याऐंशी हजारांचा धनादेश खात्यात पुरेशी शिल्लक नसल्यामुळे परत गेला होता. त्या गृहस्थांनी रागाचा एक शब्दही उच्चारला नाही. ते एवढेच म्हणाले, "शेठ, घरी सगळे ठीक आहे ना? काही अडचण असली तर सांगा, धनादेश पुन्हा भरायची घाई नाही." चाळीस वर्षांच्या व्यवहारात त्या दुकानाचा कागद परत जाण्याची ही पहिलीच वेळ होती. ज्यांनी बँकेच्या खिडकीच्या आत किंवा बाहेर आयुष्य काढले आहे, त्यांना ठाऊक असते की शिव्या खाल्लेला धनादेश विसरता येतो, काळजीने विचारलेला विसरता येत नाही.

त्या संध्याकाळी खात्याचा उतारा काढला. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापासून त्यात एकोणपन्नास रुपयांच्या नोंदींची रांग लागली होती. दिवसाला तीन, कधी पाच, रविवारी आठ. मध्येच कोठे पाचशे, कोठे दोन हजार. वडिलांनी बेरीज केली: सहा आठवड्यांत एक लाख अठरा हजार. जमेच्या बाजूस बक्षिसाचे एकोणीस हजार होते. एकट्या १ मेच्या दिवशी अठरा हजार रुपये गेले होते. दुसऱ्याच दिवशी डाळीचा धनादेश वटायला आला.

मुलगा खोटे बोलला नाही, ही त्या घराच्या संस्कारांची जमेची बाजू म्हटली पाहिजे. त्याने सांगितले ते असे.

या खेळात शंभर गुणांच्या काल्पनिक भांडवलात अकरा खेळाडू घ्यायचे असतात. प्रत्येक खेळाडूचा भाव कंपनीने ठरवलेला. प्रत्यक्ष सामन्यात त्याने धावा काढल्या, बळी घेतले, झेल घेतले की तुमच्या संघाला गुण मिळतात. कर्णधार नेमलेल्याचे गुण दुप्पट, उपकर्णधाराचे दीडपट. सारे मर्म कर्णधाराच्या निवडीत. आणि कर्णधार कोणाला करावे, हे सांगणारे 'तज्ज्ञ' मोबाइलच्या पडद्यावर सामन्याआधी तासभर ओरडत असतात.

त्या वर्षी ओरड कोणाच्या नावाची झाली? प्रथम ऋषभ पंतच्या. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये जेद्दा येथील लिलावात लखनौने त्याला २७ कोटी रुपयांना घेतले. आयपीएलच्या इतिहासातील ही सर्वांत मोठी बोली होती. एवढी किंमत मोजली म्हणजे माणूस तेवढ्या मोलाचा असणारच, असे मुलाने गृहीत धरले. हंगामातील पंतच्या पहिल्या चार डावांच्या धावा ०, १५, २ आणि २ अशा झाल्या, बेरीज एकोणीस. तरीही मुलगा त्यालाच कर्णधार करीत राहिला, कारण 'आता तरी खेळेलच'. चेन्नईविरुद्ध ६३ धावा झाल्या तेव्हा त्याचा विश्वास दुणावला, आणि पुढच्या डावांत पंत ३, ०, ४ वर परतला.

मग २८ एप्रिल आला. राजस्थानच्या संघातील चौदा वर्षांच्या वैभव सूर्यवंशीने जयपूरला गुजरातविरुद्ध ३५ चेंडूंत शतक ठोकले. आयपीएलमध्ये भारतीय फलंदाजाने काढलेले ते सर्वांत जलद शतक होते. लिलावात त्याला १ कोटी १० लाखांना घेतले होते, म्हणजे खऱ्या अर्थाने स्वस्तात पडलेला माल. परंतु तो स्वस्त होता २७ एप्रिलपर्यंत. २९ तारखेच्या सकाळी त्याचे नाव घराघरांत होते. ३० एप्रिलला अक्षय्य तृतीया होती. घरी एका काकूंच्या वर्षीतपाचे पारणे होते आणि उसाचा रस देता-घेता पाहुण्यांत चर्चा मात्र त्या पोराच्या षटकारांची चालली होती. १ मे रोजी राजस्थानचा सामना मुंबईशी होता. मुलाने एकाच स्पर्धेत पुष्कळ संघ उतरवले, आणि जवळजवळ प्रत्येकात कर्णधार तोच. सूर्यवंशी पहिल्याच षटकात, दोन चेंडू खेळून, शून्यावर बाद झाला. त्याच्या पुढच्या सामन्यात, कोलकात्यात, त्याने ४ धावा केल्या.

त्या चौदा वर्षांच्या खेळाडूला येथे बोल लावण्याचे कारण नाही. त्याच हंगामात त्याने पुढे चाळीस आणि सत्तावन्न धावांचे डाव खेळून आपला वकूब दाखवला. तो जसा खेळायचा तसाच खेळत होता. वाढला होता तो त्याच्याविषयीचा गाजावाजा. अनेक संघ उतरवून जोखीम विभागली, असे मुलाला वाटत होते. वस्तुतः वीस क्रेट एकाच वाफ्यातले भरले तर त्यांना वीस ठिकाणचा माल म्हणत नाहीत, हे त्याच्या आजोबांनी बसल्या जागी सांगितले असते. पण आजोबांना विचारायचे कोणी?

पंतची गोष्ट येथेच संपत नाही. २७ मे रोजी लखनौच्या शेवटच्या साखळी सामन्यात त्याने बंगळुरूविरुद्ध नाबाद ११८ धावा काढल्या. हंगामातील त्याच्या एकूण २६९ धावांपैकी ११८ त्या एका डावातल्या. तोवर निराश झालेल्या बहुतेकांनी त्याला संघातून काढून टाकले होते. मंचरच्या मुलाचे खाते तर तेव्हा बंदच झाले होते.

हा अनुभव नवा नव्हता. पुण्याच्या ऋतुराज गायकवाडने २०२१ च्या हंगामात ६३५ धावा काढून सर्वाधिक धावांचा मान मिळवला. २०२२ मध्ये तो आपला, आपल्या जिल्ह्याचा, म्हणून कित्येकांच्या संघात पहिले नाव त्याचे होते. पहिल्या पाच डावांत त्याच्या धावा झाल्या ०, १, १, १६, १७. लोकांचा धीर सुटला. सहाव्या सामन्यात, गहुंज्याच्या मैदानावर, त्याने ७३ काढल्या. आणि महाराष्ट्र दिनी त्याच मैदानावर हैदराबादविरुद्ध ९९. हंगामाअखेर ३६८. म्हणजे चौदा सामन्यांत सरासरी सव्वीस. वाईट नव्हे, पण ६३५ च्या भावाने घेतलेल्याला ती परवडणारी नव्हती. मोठ्या यशानंतरचा काळ बहुधा माणसाला त्याच्या नेहमीच्या पातळीकडे परत आणतो. दुकानदाराला हे दिवाळीनंतरच्या महिन्यात दरवर्षी दिसते, आणि तो दिवाळीच्या विक्रीवरून मार्गशीर्षाची खरेदी करीत नाही.

याहून सूक्ष्म एक गोष्ट आहे, आणि तीच बहुतेकांच्या लक्षात येत नाही. समजा, एका स्पर्धेत दहा हजार जण उतरले आणि त्यांतील आठ हजारांनी एकाच प्रसिद्ध खेळाडूला कर्णधार केले. तो चमकला, तर आठ हजार जण सारखेच वर सरकतात; एकमेकांच्या पुढे कोणीच जात नाही. तो अपयशी ठरला, तर तेच आठ हजार एकदम खाली येतात. म्हणजे ज्याची सर्वांत अधिक चर्चा, त्याच्या यशाचा लाभ सर्वांत कमी आणि अपयशाचा फटका मात्र पुरा. बक्षीस शेवटी ठरते ते उरलेल्या तीन-चार अपरिचित नावांवर, ज्यांच्याविषयी निवडणाऱ्याला काहीच ठाऊक नसते. न्यायालयांनी या खेळात कौशल्याचा भाग प्रधान असल्याचे मानले होते. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाचा २०१७ चा निर्णय प्रसिद्ध आहे. कौशल्य असेलही. पण जो मनुष्य दुसऱ्याने ओरडून सांगितलेले नाव भरतो, त्याने कोणते कौशल्य वापरले? कायद्याच्या दृष्टीने ते द्यूत ठरो वा न ठरो, सप्तव्यसनांत ज्याचे नाव पहिले घेतले जाते त्याच्याशी त्याचे नाते घरातील वडीलधाऱ्यांना लगेच ओळखू आले.

यात निश्चित लाभ कोणाचा, हे पाहायला जुन्नरकरांना दूर जावे लागत नाही. नाणेघाटात एक मोठा दगडी रांजण आहे. घाट चढून येणाऱ्या व्यापाऱ्यांची जकात त्यात पडत असे, असे सांगतात. वरून जाणारा नफ्यात आहे की तोट्यात, याच्याशी त्या रांजणाला कर्तव्य नव्हते. प्रवेशशुल्कातील कंपनीचा वाटा असाच प्रथम बाजूला पडे. १ ऑक्टोबर २०२३ पासून जमा केलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के वस्तू व सेवा कर आला, आणि निव्वळ जिंकलेल्या रकमेतून ३० टक्के कर उगमस्थानीच कापला जाई. हरलेली रक्कम मात्र दुकानाच्या नफ्यातून वजा दाखवता येत नाही. एवढे सगळे वजा जाता जिंकणारा जिंकतो किती, याची पडतळ कोणी काढली असती, तर एकोणपन्नासाची पहिलीच नोंद खात्यात पडली नसती.

तरीही मुले का धावतात? त्या २०२३ च्याच ऑक्टोबरात शेजारच्या शहरातील एका सरकारी नोकराला या खेळात दीड कोटीचे बक्षीस लागल्याची बातमी आली. टोमॅटोचेही दीड कोटी, खेळाचेही दीड कोटी. जिंकलेल्याची बातमी होते. एकोणपन्नास रुपयांची बातमी होत नाही.

त्या घरातील धाकटी नात पुण्याच्या महाविद्यालयात शिकते. ९ ऑगस्टला राखीसाठी ती मंचरला आली, तेव्हा भाऊ फारसा बोलत नव्हता. मोबाइल त्याने वडिलांच्या स्वाधीन केला होता आणि पगारातून दरमहा आठ हजार वळते करून घेण्याचे ठरले होते. जेवणानंतर आजोबांनी नातीलाच विचारले, "तुझ्याही मोबाइलवर असले काही आहे का, बेटा?"

"आहे, आजोबा," ती म्हणाली. "पण फुटबॉलचे, इंग्लंडच्या लीगचे. पैसे लागत नाहीत. वसतिगृहातल्या आम्ही बाराजणी खेळतो. हरली तिने सगळ्यांना इडली द्यायची."

तिने वही दाखवली. होय, वही, मोबाइलवरचा खेळ ती शाईने वहीत मांडत होती. २००२ पासून चालत आलेल्या त्या खेळात शंभर दशलक्ष पौंडांच्या काल्पनिक भांडवलात पंधरा खेळाडू घ्यायचे असतात, एका क्लबाचे तिघांहून अधिक नाहीत. खेळाडू बदलण्याची मुभा आठवड्याला एकाची. त्यापुढील प्रत्येक बदलास चार गुणांचा दंड. आणि आजोबांच्या कानाला सर्वांत गोड लागलेली गोष्ट ही की, तेथील भाव मागणीप्रमाणे हलतात. पुष्कळांनी एखाद्याला घेतले की त्याचा भाव चढतो, मग तो पुढे गोल करो वा न करो.

"म्हणजे नारायणगावच," आजोबा म्हणाले.

"नारायणगावच," ती हसली. "हा पाहा हालांड. मँचेस्टर सिटीत आला तेव्हा, २०२२ मध्ये, साडेअकराला होता. छत्तीस गोल केले, २७२ गुण दिले. पुढच्या वर्षी भाव चौदा. गोल सत्तावीस, गुण २१७."

"माल तोच?"

"माल तोच. भाव वाढला, उतारा घटला. त्याच वर्षी हा पामर पाचाला मिळत होता. सिटीत त्याला जागा नव्हती, चेल्सीत गेला. कोणी विचारत नव्हते. बावीस गोल, २४४ गुण. त्या वर्षी सगळ्यांत जास्त गुण त्याचेच."

आजोबांनी चष्मा काढून पुसला आणि कागदाच्या तुकड्यावर भागाकार केला. हालांडचे पहिल्या वर्षी दर दशलक्षामागे पावणेचोवीस गुण, दुसऱ्या वर्षी साडेपंधरा. पामरचे जवळजवळ एकोणपन्नास. हा आकडा उच्चारताना ते किंचित थांबले. नातवानेही मान खाली घातली.

"पण तू पामरला घेतला होतास का?" त्यांनी विचारले.

"सुरुवातीला नाही. डिसेंबरात घेतला. तोवर निम्मे पीक निघून गेले होते." तिने प्रामाणिकपणे सांगितले. "मग पुढच्या हंगामात पहिल्या दिवसापासून ठेवला. भाव साडेदहा झाला होता. गोल पंधरा."

नातू प्रथमच बोलला. "मग घ्यायचा कोणाला, हे कळणार कसे?"

नात म्हणाली, कळत नाहीच पुष्कळदा. ती फक्त तीन गोष्टी पाहते: तो प्रत्यक्ष किती मिनिटे मैदानावर असतो, पेनल्टी कोण मारतो, आणि पुढचे चार-पाच सामने कोणाशी आहेत. गेल्या आठवड्यात त्याने काय केले हे ती शेवटी पाहते. "दादा, तू उलटे केलेस. आधी ओरड ऐकलीस." मग जरा थांबून म्हणाली, "मीही चुकतेच. पण माझी चूक झाली तर इडली जाते."

पुढे दोन आठवड्यांत दिल्लीत जे झाले ते वाचकांना ठाऊक आहे. ऑनलाइन गेमिंगसंबंधीचे विधेयक २० ऑगस्टला लोकसभेत आणि २१ ला राज्यसभेत संमत झाले. २२ ला राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे लावून खेळायचा खेळ, मग तो कौशल्याचा असो वा नशिबाचा, चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. २००८ मध्ये स्थापन झालेल्या आणि भारतीय संघाच्या जर्सीवर नाव झळकवणाऱ्या कंपनीने पैशाच्या स्पर्धा थांबवल्या, जर्सीवरील नावही गेले. घरी पर्युषण चालू होते. बातमी वाचून वडिलांना हायसे वाटले. आजोबा मात्र म्हणाले, "सरकारने दुकान बंद केले. ओरडणारे कोठे जाणार? ते उद्या शेअरचे नाव घेतील, परवा जमिनीचे."

संवत्सरी झाल्यावर मुलगा एकटाच मंचरहून एसटीने पुण्यास गेला. मार्केट यार्डात त्या डाळीच्या व्यापाऱ्यांच्या गादीसमोर उभे राहून त्याने हात जोडले आणि 'मिच्छामि दुक्कडम्' म्हटले. पंच्याऐंशी हजार त्यांना मे महिन्यातच पोहोचले होते, त्यामुळे देण्यासारखे काही नव्हते. त्यांनी त्याला बसवून घेतले, पाणी मागवले, आणि नव्या तुरीचा अंदाज काय, असे विचारले. त्याने तीन महिन्यांच्या आवकेचे आकडे सांगितले. ते त्याला तोंडपाठ होते.

खात्यावरील त्याची सही वडिलांनी अद्याप परत चढवलेली नाही. आठ हजारांप्रमाणे हिशेब पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पुरेल. दुकानाच्या देण्यांची वही मात्र तोच लिहितो, आणि रोज सायंकाळी आजोबा ती उघडून पाहतात. रविवारी सकाळी ते नातीला फोन लावतात. तब्येतीची विचारपूस झाली की त्यांचा प्रश्न ठरलेला असतो, "पाचाचा कोणी सापडला का?"

"अजून नाही, आजोबा."

"सापडला तर आधी कोणाला सांगू नकोस," ते म्हणतात, आणि फोन ठेवतात.